कान वाजतोय, झोप उडालीये, धास्ती बसलीये: हे त्रांगडं सुटतं कसं

आधी एक प्रयोग सांगते. २०१२ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी ऐकू अगदी नीट येणाऱ्या १८ लोकांना सांगितलं की एका कानात इअरप्लग घाला आणि सात दिवस तसेच राहा. बस, एवढंच. कानाला इजा नाही, औषध नाही, काही नाही. आठवड्याभरात १८ पैकी १४ जणांना असे आवाज ऐकू यायला लागले जे बाहेर कुठेच नव्हते, आणि प्लग काढल्यावर ते आवाज गेले.

माझा कान वाजायला लागला त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मी हे वाचलं आणि खरं सांगते, पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात एकच चित्र होतं की आत काहीतरी तुटलंय, सडतंय, आणि ती शिट्टी म्हणजे त्या तुटण्याचा आवाज. तसं ते नसतं.

होतं काय तर कानाकडून मेंदूला जे सिग्नल जायचे ते कमी झाले की मेंदू गप्प बसत नाही, तो आपला व्हॉल्यूम वाढवतो. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज मोठा करतो ना, आणि मग गाणं कमी आणि खरखरच जास्त ऐकू येते, तसंच. ती खरखर म्हणजे टिनिटस. मराठीत कर्णनाद म्हणतात पण बोलताना कुणी म्हणत नाही, आपण कान वाजतोय म्हणतो, किंवा कानात रातकिडे ओरडतायत, शिट्टी वाजतीये, गुंई आवाज येतोय, ज्याचा जसा असेल तसा.

सिग्नल कमी का होतात? कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक छोटा अवयव असतो, कॉक्लिया, त्यात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि त्यातून वीज तयार होऊन मेंदूकडे जाते. माणसात या पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. वय, वर्षानुवर्षं मोठा आवाज, काही औषधं (कॅन्सरवरचं सिसप्लॅटिन, जेंटामायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स) यांनी त्या जातात आणि बहुतेकदा आधी बारीक तीव्र स्वर पकडणाऱ्या जातात, म्हणून बऱ्याच जणांची शिट्टीही तशीच बारीक तीव्र असते. आणि हो, तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी कान वाजू शकतो. नेहमीची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, ८००० हर्ट्झपर्यंतच बघते, तरुण कान साधारण २०००० पर्यंत ऐकतो, वरचा भाग कुणी तपासलेलाच नसतो. "रिपोर्ट तर नॉर्मल आहे, तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. मला म्हणाले होते. मी घरी येऊन रडले होते.

पुढे जायच्या आधी एक काम मात्र करा, हा लेख नंतर वाचलात तरी चालेल. एकदा ईएनटीला दाखवा. कधी कधी नुसता मळ साठलेला असतो आणि दहा मिनिटांत विषय संपतो. आणि काही गोष्टींत वाट बघायची नसते: एका कानाने अचानक, म्हणजे दोन-तीन दिवसांत ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण तिथे स्टिरॉइड लवकर सुरू होण्याला महत्त्व असतं. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धप धप येत असेल, फक्त एकाच कानात असेल, सोबत गरगरत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडल्यासारखी वाटत असेल तर तपासणी झालीच पाहिजे. हे सगळं झालं, काही धोक्याचं निघालं नाही, आणि डॉक्टर म्हणाले "आता याची सवय करून घ्या", तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

कारण तिथेच सगळ्यांची पंचाईत होते ना. सवय करून घ्या म्हणजे नक्की करायचं काय? ते कुणी सांगत नाही. माझ्या डॉक्टरांनी तर हे वाक्य बोलता बोलता पुढच्या पेशंटची फाइल उघडली होती.

आवाज मोठा की भीती मोठी

जुनं एक निरीक्षण आहे, १९५३ सालचं, अमेरिकेतलं. ऐकू नीट येणाऱ्या ८० लोकांना साउंडप्रूफ खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतंय ते सांगा म्हटलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू येतो म्हणून सांगितलं. म्हणजे पूर्ण शांततेत मन लावून ऐकलं तर जवळपास प्रत्येकाच्याच डोक्यात काहीतरी वाजत असतं, फक्त त्यांना कधी ते ऐकायची वेळ येत नाही.

दुसरा आकडा. जगात अंदाजे १४ टक्के प्रौढ लोकांना टिनिटस असतो आणि त्याचा जबर त्रास असणारे साधारण २ टक्के. म्हणजे कान वाजणाऱ्या सात जणांतला एकच पार हैराण होतो, बाकीचे सहा "हो, येतो आवाज" म्हणून कामाला लागतात. मग त्या सहांचा आवाज लहान असतो का? गंमत अशी की असं काही दिसत नाही. क्लिनिकमध्ये बाहेरचा आवाज कमी-जास्त करून तुमच्या शिट्टीशी जुळवून बघतात, तेव्हा ती बहुतेकदा ऐकू येण्याच्या किमान पातळीपेक्षा १० डेसिबलसुद्धा वर नसते. कुजबुजीपेक्षाही कमी. मला जी शिट्टी जेट विमानासारखी वाटायची ती मोजल्यावर इतकीशी निघाली की मला मशीन बिघडलंय असं वाटलं. आणि किती मोठा आवाज आहे यावरून किती त्रास होईल ते ठरत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

मग ठरतं कशावरून? तर मेंदूने त्या आवाजाला काय लेबल लावलं यावरून.

बाळ असलेल्या घरात बघा, बाहेर ढग गडगडले तरी आई झोपलेली असते आणि बाळाने नुसतं कुं केलं की ताडकन उठते. आवाज लहान का मोठा हा प्रश्नच नाही, तो महत्त्वाचा आहे का हे मेंदू झोपेतसुद्धा बघत असतो. हीच चाळणी दिवसभर चालू असते, अंगावरच्या कपड्यांचा स्पर्श, नाकावरचा चष्मा, फ्रिजची घरघर, हे सगळं कानात-अंगात येत असतं पण आपल्यापर्यंत पोचू दिलं जात नाही कारण ते बिनमहत्त्वाचं म्हणून केव्हाच बाजूला पडलेलं असतं. टिनिटसही खरं तर त्याच ढिगात जायला पाहिजे. १९८४ साली मानसशास्त्रज्ञ हॅलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मांडलं की त्रास होणं म्हणजे ही सवय होण्याची प्रक्रिया अडकणं, आणि १९९० मध्ये मेंदूचे अभ्यासक यास्त्रेबॉफ यांनी ती कशी अडकते याचा नकाशा दिला: कानापासून निघालेला सिग्नल मेंदूच्या भावनांच्या भागाला, मग धोक्याच्या अलार्मला जोडला जातो, आणि एकदा ती तार जोडली गेली की आवाज आला की अलार्म, अलार्म वाजला की आवाज आणखी स्पष्ट.

पहिल्या रात्री काय होतं आठवा. आवाज येतो. "हे काय?" मग मोबाइलवर शोधतो, तिथे कुणीतरी लिहिलेलं असतं की यावर इलाज नाही, आयुष्यभर राहतं. छातीत धडधड, हातपाय गार, घशाला कोरड. शरीर पळायला किंवा लढायला तयार, पण पळणार कुठे, आवाज तर डोक्यात आहे. आणि अशा अवस्थेत कान टवकारलेले असतात, बारीकसारीक सगळं ऐकायला, म्हणजे शिट्टी अजून मोठी. म्हणजे बघ, वाढतंय! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच.

लोक धीर द्यायला बीथोवेनचं उदाहरण देतात, कृपया देऊ नका. हो, त्याने १८०१ साली मित्राला लिहिलेल्या पत्रात कान रात्रंदिवस वाजतात असं लिहिलंय, पण तो पुढे बहिरा झाला हे सगळ्यांना माहीत असतं आणि ऐकणारा आणखीनच गळाठतो. टिनिटसमुळे बहिरेपणा येत नाही. उलट असतं, बहुतेकदा ऐकणं थोडं कमी झालेलं असतं म्हणून टिनिटस येतो.

तपासायची खोड

आता मी काय करायचे ते सांगते, म्हणजे काय करू नये ते कळेल. सकाळी डोळे उघडायच्या आधी कान लावून बघायचे, आहे का? आहे. मग बाथरूमचं दार बंद करून, काल जास्त होता का आज. दुपारी एक कान उशीवर दाबून. वहीत दहापैकी किती ते लिहायचे, सकाळ-दुपार-रात्र, वर ग्राफ पण काढलेला, लाल पेनाने. मला वाटायचं मी फार शास्त्रशुद्ध वागतीये.

मी काय करत होते तर दिवसातून पन्नास वेळा मेंदूला सांगत होते की हा आवाज फार म्हणजे फार महत्त्वाचा आहे, यावर लक्ष ठेव. आणि तो बिचारा ठेवत होता!

वही बंद केली तेव्हापासून फरक पडायला सुरुवात झाली असं माझं मत आहे, पण लगेच नाही. आणि "लक्षच द्यायचं नाही" असं ठरवणं हाही उपाय नाही हं. १९८७ साली वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि अर्थातच लोकांच्या डोक्यात अस्वलच फिरत राहिलं. दुर्लक्ष जोर लावून होत नाही. जमतं ते एवढंच की आवाज दिसला, म्हणजे जाणवला, "बरं, आहेस" म्हटलं, आणि हातातलं काम होतं ते पुढे चालू ठेवलं. आवाज असताना. आवाज जायची वाट न बघता. हे वाचायला फालतू वाटतं, मलाही वाटलं होतं, पण मेंदूला लेबल बदलायला लावायचा हाच मार्ग आहे, तो तुमच्या बोलण्यावर नाही तुमच्या वागण्यावर विश्वास ठेवतो. तुम्ही म्हणाल "मी घाबरत नाही" आणि मित्रांना भेटणं सोडून द्याल, वाचन सोडाल, शांत खोलीत जायचं टाळाल, तर त्याने काय समजायचं?

आपल्या भाषेत याला फार चांगला शब्द आहे, अंगवळणी पडणं. आणि ते दोन टप्प्यांत पडतं. आधी प्रतिक्रिया जाते, म्हणजे आवाज ऐकू येतो पण पोटात गोळा येत नाही. त्यानंतर बऱ्याच काळाने जाणीव कमी होते, म्हणजे तासन् तास आवाज लक्षातच येत नाही. गडबड अशी होते की लोक दुसऱ्याची वाट बघत बसतात आणि पहिला टप्पा येऊन गेलेला त्यांना कळत नाही. "काही फरक नाही, अजून येतो" म्हणतात, आणि विचारलं की गेल्या आठवड्यात कितीदा धडधडलं तर आठवावं लागतं. अहो हाच तर फरक! एकूण वेळ बऱ्याच जणांना काही महिने लागतात, काहींना वर्ष-दीड वर्ष. आणि "मला सवय झाली का" हे रोज तपासणं म्हणजे परत तीच वही, फक्त वेगळ्या नावाने.

शांतता औषध नाही

थोडक्यात सांगते कारण हे सोपं आहे. काळोख्या खोलीत मेणबत्ती डोळ्यात जाते आणि दिवसा तीच लक्षातसुद्धा येत नाही. म्हणून घरात थोडा आवाज असू द्या, पंखा, पावसाचं रेकॉर्डिंग, हलकं संगीत, उघडी खिडकी, काहीही जे कंटाळवाणं आणि सुखद आहे. पण शिट्टी पूर्ण बुडेल इतका मोठा नको, कारण जे ऐकूच येत नाही त्याची सवय मेंदू कसा करणार. शिट्टीपेक्षा किंचित कमी, दोन्ही एकमेकांत मिसळतील इतका. ऐकू कमी येत असेल तर हिअरिंग एडने बऱ्याच जणांना दुहेरी फायदा होतो, बोलणं कळतं आणि मेंदूला हरवलेले सिग्नल परत मिळतात.

आणि इअरप्लग! घाबरून लोक दिवसभर घालतात, भाजी चिरतानासुद्धा. वरचा प्रयोग आठवा, चांगल्या कानांना सात दिवसांत वाजायला लावलं होतं त्या प्लगने, मग तुमच्या आधीच वाजणाऱ्या कानाचं काय होईल, शिवाय साधे आवाजही टोचायला लागतात. प्लग मोठ्या आवाजासाठी. हिशोब असा की ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. म्हणजे लाउडस्पीकरच्या भिंतीसमोर प्लग हवाच, मिक्सरच्या अर्ध्या मिनिटाला नको.

रात्र

खरा त्रास रात्रीचा. दिवस कसातरी निघतो.

मला वाटायचं की आवाज मला झोपेतून उठवतो. नंतर कळलं तसं नसतं, निदान बहुतेकदा नसतं. झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांत येते आणि फेरी संपताना प्रत्येक माणूस जरासा जागा होतो, कूस बदलतो आणि परत झोपतो, सकाळी त्याला आठवतही नाही. एकसारखा चालू असलेला आवाज सहसा उठवत नाही, उठवतो तो बदल. (पंखा चालू असताना गाढ झोपलेला माणूस लाइट जाऊन पंखा बंद पडला की उठतो ना.) तर आपण उठतो सगळ्यांसारखेच, फरक इतकाच की उठल्यावर आपल्याला शिट्टी भेटते, आणि शिट्टीमागून "झालं, आता झोप गेली, उद्याचा दिवस वाया, असंच चाललं तर नोकरी कशी करणार" ही सगळी वरात येते. जागं ठेवते ती वरात.

दुसरी चूक म्हणजे झोप भरून काढायला आपण लवकर आडवे होतो. साडेनऊलाच. झोप आलेली नसते, खोली शांत, अंधार, आपण आणि शिट्टी, दोन तास समोरासमोर. असं महिनाभर केलं की मेंदू शिकतो की पलंग ही जागण्याची आणि घाबरण्याची जागा आहे. मग सोफ्यावर पेंगणारा माणूस पलंगाला पाठ टेकली की टक्क जागा. हे अगदी ओळखीचं आहे ना?

यावरचे दोन उपाय जुने आणि भक्कम आहेत. एक मानसशास्त्रज्ञ बूटझिन यांचा, १९७२ चा: झोप आल्याशिवाय पलंगावर जायचं नाही, आणि जाऊन साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, मंद उजेडात काहीतरी निरुपद्रवी करायचं, कपड्यांच्या घड्या घाला, जुनं मासिक वाचा, आणि डोळे जड झाले की परत. हवं तितक्या वेळा. वीस मिनिटं म्हणजे घड्याळ बघून नाही, अंदाजाने, घड्याळ तर भिंतीकडे तोंड करून ठेवा, दोन वाजून दहा झालेत हे कळून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. आणि सकाळी उठायची वेळ ठरलेली, रात्र कशीही गेली तरी, रविवारीसुद्धा. हे सगळ्यात जिवावर येतं आणि सगळ्यात कामाचं तेच आहे.

दुसरा झोपेचे संशोधक स्पीलमन यांचा, १९८७ चा, तो ऐकून लोक मला वेड्यात काढतात: झोप येत नाही ना, मग पलंगावरचा वेळ कमी करा. समजा तुम्ही साडेआठ तास आडवे असता आणि झोप होते साडेपाच तास, तर पलंगावर राहायचं फक्त साडेपाच-सहा तास, पाचच्या खाली मात्र जायचं नाही. पहिला आठवडा वाईट जातो, अगदी वाईट, चिडचिड होते, दुपारी मान पडते. पण झोपेची भूक साठत जाते आणि एक दिवस ती शिट्टीपेक्षा भारी पडते, आडवं झालं की संपलं. पलंगावरच्या वेळेतला ८५ टक्के वेळ झोपेत जायला लागला की दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं वाढवायची. फिट्स येत असतील, बायपोलर असेल, किंवा तुम्ही गाडी-मशीन चालवायचं काम करत असाल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, झोपेची कमतरता तिथे महागात पडते. अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संस्थेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशाला पहिला उपाय म्हणून गोळी नाही तर हे दोन्ही उपाय जिच्यात येतात ती पद्धत सांगितलीये, तिचं नाव सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं बदलायची पद्धत.

झोपताना उशीजवळ बारीक आवाज चालू ठेवा, तोही रात्रभर, मध्येच टायमरने बंद होणारा नको, कारण बंद होणं हा बदल झाला. कॉफी टिनिटससाठी सोडायची गरज नाही, एकदम सोडलीत तर डोकं दुखून वेगळाच ताप होईल, पण तिचा निम्मा अंश शरीरात पाच-एक तास राहतो म्हणून दुपारनंतर नको. दारू झोप आणते आणि रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिल्या तर घ्या, त्यात कमीपणा नाही, मीही घेतल्यात. फक्त बेन्झोडायझेपीन गटातल्या गोळ्यांची सवय लागते आणि त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद केल्या तर धास्ती आणि झोप दोन्ही बिघडतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायच्या.

धास्तीचं काय

श्वास. हो, तेच जुनं. नाकाने आत, आणि आत घेतला त्यापेक्षा लांब सोडायचा, पाचेक मिनिटं. पण हे शिट्टी बंद करायला करायचं नाही. मी करायचे, आणि प्रत्येक श्वासानंतर ऐकायचे, गेली का? परत तपासणीच झाली ती. श्वास शरीराला सांगायला आहे की पळायची गरज नाही, शिट्टी वाजत राहिली तरी चालेल.

विचारांचं काम कागदावर करा, डोक्यात ते होत नाही. "मी हे सहन करू शकणार नाही" असं लिहिलंत तर खाली लिहा, गेले चाळीस दिवस काय केलं? सहन केलं. कामावर गेले, दोन दिवस सोडून. "रात्री झोप नाही झाली की दिवस वाया जातो", बरं, मंगळवारी तीन तास झोप होती, मंगळवारी काय काय केलं? इथे स्वतःला गोड गोड समजवायचं नाही, उलट वकिलासारखे पुरावे मागायचे. याचंच नीट बसवलेलं रूप म्हणजे सीबीटी. कॉक्रेन नावाची संस्था एकेका विषयावरचे अभ्यास गोळा करून तपासते, तिच्या २०२० मधल्या आढाव्यात २८ अभ्यास आणि २७३३ लोक होते, आणि टिनिटसचा जगण्यावर होणारा परिणाम सीबीटीने कमी होतो असं त्यात दिसलं. त्याआधीच्या २०१० च्या आढाव्यात तर आवाजाच्या मोठेपणात फरक आढळला नव्हता, तरीही लोकांचं जगणं सुधारलं होतं. मला यापेक्षा आशादायक वाक्य या विषयात सापडलेलं नाही, जरी पहिल्यांदा वाचताना निराशा झाली होती.

गोळ्या-थेंब विकणाऱ्यांपासून लांब राहा. जिंकगो (एका झाडाचा अर्क), झिंक, मेलाटोनिन यातलं काहीच टिनिटससाठी देऊ नये असं अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, आणि आवाज घालवणारं कुठलंही सिद्ध झालेलं औषध आज नाही. नैराश्य किंवा तीव्र चिंता असेल तर त्यावरचं औषध वेगळी गोष्ट, ते घ्यायला लाजू नका. आणि जगूच नये असं वाटत असेल तर आज, आत्ता, घरातल्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. दमलेल्या, न झोपलेल्या मेंदूला असं वाटू शकतं आणि ते बरं होतं.

मध्येच आवाज वाढेल. सर्दी झाली, ताण आला, तीन रात्री झोप नाही, दात-जबडा आवळून काम केलं (जबडा आवळून बघा, बऱ्याच जणांची शिट्टी लगेच बदलते, कारण जबड्या-मानेच्या नसांचा आणि ऐकण्याच्या मार्गाचा मेंदूत संबंध येतो). कधी अचानक एका कानात टिंग होऊन काही सेकंदांत जाईल, ते तर कान न वाजणाऱ्यांनाही होतं. अशा वाढलेल्या दिवशी माणूस म्हणतो "संपलं, सगळं पहिल्यापासून". पहिल्यापासून नसतं ते. मला आठ महिन्यांनी असा जोरदार झटका आला, अकरा दिवस टिकला, पहिले दोन दिवस मी परत वही शोधत होते, आणि तिसऱ्या दिवशी नाद सोडला कारण घरात पाहुणे होते आणि वेळच नव्हता. पाहुण्यांचे उपकार, नाहीतर अकराचे एकवीस झाले असते.

घरच्यांसाठी

शेवटचं घरच्यांना, कारण तुम्हाला तो आवाज ऐकू येत नाही आणि समोरचा माणूस आठवडे झोपलेला नाही, तुमचीही कसोटी असते. "विचार नको करू म्हणजे जाईल" म्हणू नका, आणि त्याच्या उलट टोकाला जाऊन सगळं घर स्मशानशांतही करू नका, टीव्ही चालू दे, भांडी वाजू देत. पहिल्यांदा सांगेल तेव्हा पूर्ण ऐकून घ्या, डॉक्टरकडे सोबत जा. आणि त्यानंतर रोज उठून "आज आवाज कसा आहे?" विचारू नका. माझ्या आईने तीन महिने विचारलं, रोज सकाळी, प्रेमाने, आणि प्रत्येक वेळी मी उत्तर द्यायला म्हणून कान लावून बघायचे. शेवटी तिला सांगितलं की आई, तू फक्त झोप झाली का एवढंच विचार, तेही रविवारी. आता ती रविवारीसुद्धा विसरते.